तोंडावरचा शेरा

गोपनीय या शब्दाची भामरे आबांनी जेवढी फजिती केली, तेवढी सरकारी नोकरीत दुसऱ्या कुणी केली नसेल. धुळ्यातल्या आमच्या राखीव पोलिसांच्या तुकडीत मार्च आला की प्रत्येक शिपायाचा गोपनीय अहवाल लिहायचा असतो. वर्षभर काम कसं केलं, शिस्त कशी, वागणूक कशी, पुढाकार घेतो की नाही, असे रकाने भरायचे, शेवटी प्रतवारी द्यायची आणि सगळं वर पाठवायचं. बाकीचे अधिकारी हे काम दार लावून करत. आबा ते मैदानाकडेच्या कडुनिंबाखाली खुर्च्या टाकून करत, आणि तेही पलीकडच्या बराकीला ऐकू जाईल अशा आवाजात. तो निंब माझ्या खिडकीसमोर. मी तिथे लिपिक होते. कान मिटून टाइप करण्याची विद्या मला येत नाही, आणि आबा असेपर्यंत ती शिकावी असंही कधी वाटलं नाही.

आबा म्हणजे फौजदार एकनाथ भामरे. शिपाई म्हणून लागले आणि एकेक पायरी चढत फौजदार झाले. उंच, आडवा बांधा, डोक्याला कलप; तो कलप मिशीपर्यंत पोचण्याआधीच नेहमी संपायचा, त्यामुळे वरून माणूस चाळिशीतला आणि ओठापासून खाली साठीला टेकलेला दिसे. सगळी तुकडी त्यांना आबा म्हणे. साहेब म्हटलं की ते मागे वळून कोणी साहेब आलाय का ते बघत. कार्यालयात आमच्याशी शुद्ध बोलायचा प्रयत्न करत, पण माया आली किंवा राग आला की 'सगळ्यांना'चं 'बठ्ठासले' होऊन अहिराणी सुटायची. त्यांना या दोन्ही गोष्टी दिवसातून बऱ्याचदा यायच्या.

अहवालाबद्दल त्यांचा एकच कायदा होता. "जे तोंडवर सांगता येत नही, ते कागदवर लिखानं नही." म्हणून लिहिण्याआधी ते ज्याचा अहवाल त्याला निंबाखाली समोर बसवत आणि एकेक रकाना वाचून दाखवत. पोरगा खाली मान घालून पुटपुटला की ओरडत, "मोठा बोल ना भो! जीभले गंज चढेल शे का? मनाकडे देखीसन बोल!" पोरं बिचारी छाती काढून, आबांच्या डोळ्यांत बघून, आपले दोष घोषणा दिल्यासारखे सांगत. आम्ही समजायचो, ही आबांची शिस्त लावायची रीत.

'निश्चित चांगला' या सरकारी प्रतवारीचा त्यांना भारी राग. "हाई काय शेरा शे? स्थळ सांगून आलेल्या पोराबद्दल मामा बोलतो तसं. निश्चित चांगला! म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय." मग ते त्या पोराचं नेमकं काय चांगलं आहे ते शोधत बसत. एकाच्या अहवालात त्यांनी लिहिलं होतं, 'बंदोबस्तात म्हाताऱ्या माणसांशी वागणूक उत्तम, स्वतःच्या बुटांशी वागणूक सुधारावी.' वरच्या साहेबांनी फोन करून विचारलं, हे काय आहे? आबा म्हणाले, "सर, त्याचे बूट पाठवू का?"

पण खरी मजा चहाची होती. शेरा ऐकून माणूस नाराज होतो, हे आबांना ठाऊक. म्हणून ज्याला चांगली प्रतवारी, त्याला नुसतं 'जा'. मधल्याला एक चहा. आणि ज्याची प्रतवारी खाली, त्याला चहा दोनदा. पहिला वाईट बातमीसाठी, दुसरा सुधारायचं कसं ते बोलण्यासाठी. हळूहळू हे सगळ्यांच्या लक्षात आलं. बराकीच्या खिडक्यांतून पोरं निंबाखालचे कप मोजायला लागली. अहवाल बंद होण्याआधी कोणाला काय मिळालं ते अख्ख्या तुकडीला ठाऊक झालेलं असे. एक कुस्ती खेळणारा शिपाई तर रुसून माझ्याकडे आला. "ताई, मला चहाच नाही दिला." म्हटलं, "अरे बाबा, मग पेढे वाट."

सगळ्यात शेवटी आबांची एक अट असे. पोरगा उठायला लागला की ते खुर्ची पुढे ओढत आणि म्हणत, "आते मना शेरा सांग." म्हणजे वर्षभर मी तुला कसा वाटलो ते तू सांग. सगळे एकच उत्तर देत. आबा, तुम्ही एकदम चांगले. आबा वैतागत. "निश्चित चांगला का? चल ऊठ, जा."

एकदा मात्र त्यांना थोडंसं उत्तर मिळालं. महाजन नावाचा एक शिपाई होता, दंड फुगवून चालणारा. अहवालात स्वतःच्या कामाबद्दल स्वतःही लिहायचं असतं. महाजनने लिहिलं होतं, 'यात्रेच्या बंदोबस्तात अनियंत्रित जमाव एकट्याने नियंत्रणात आणला.' आबांनी ते वाक्य त्याला मोठ्याने वाचायला लावलं. तेही पुन्हा पुन्हा.

"एकट्याने?" आबा म्हणाले. "मग आम्ही बाकीचे तिथे काय जिलेबी खात होतो?"

महाजन काहीतरी पुटपुटला. "काय?" म्हणत आबांनी हात कानामागे नेला. महाजनने घसा साफ केला आणि मैदानभर ऐकू जाईल असं सांगितलं, "आबा, बाकीच्यांचं माहीत नाही, पण तुम्ही खात होता. हलवायाच्या पाठीमागे बसून."

मी खिडकीतून बघत होते. आता काय होतंय म्हणून टाइप करायचं थांबले. आबांनी थोडा विचार केला आणि असे हसले की खुर्चीचा पाय मातीत रुतला. "ते खरं शे," ते म्हणाले. मग त्यांनी 'एकट्याने' हा शब्द काढायला लावून 'काही सहकारी जवळ नसताना' असं लिहायला लावलं आणि महाजनला चहा सांगितला. एकच.

आबांचं घर देवपुरात. मी दोनदा गेले होते. काकू बोलायला गोड, पण त्यांच्या आवाजाने पातेलं हललं असतं. घरात टीव्ही इतका मोठा लागलेला असे की शेजारच्यांनी आपला विकून टाकला तरी त्यांना बातम्या कळल्या असत्या. मला वाटलं, या घराण्यातच सगळे खड्या आवाजाचे. काकूंच्या हातची शेवभाजी खाऊन नाकातोंडातून पाणी काढत मी परत आले आणि त्यावर पुन्हा विचार केला नाही.

आता दीपकबद्दल सांगते.

दीपक तायडे मुक्ताईनगरकडचा. त्याचे वडील बाजार समितीत हर्राशी पुकारायचे. म्हणजे शेतमालाच्या लिलावात बोली ओरडायची, ती इतकी की घरी आल्यावरही ते भाजीला मीठ कमी आहे हे तीन वेळा पुकारत. घरातला आवाजाचा सगळा कोटा बापाने संपवला आणि पोराच्या वाट्याला काही उरलंच नाही, असं आम्ही म्हणायचो. दीपक कामाला वाघ होता. सांगितलेलं करायचा, न सांगितलेलंही करून मोकळा व्हायचा. फक्त केलं ते कोणाला कळायचं नाही, कारण तो बोलायचाच नाही. आधीच्या अधिकाऱ्याने त्याच्या अहवालात लिहिलं होतं, 'पुढाकार घेत नाही.' हवालदारपदाची निवड जवळ आली होती. हाच शेरा पुन्हा आला असता तर दीपकचं नाव मागे पडलं असतं, आणि तो अहवाल लिहिणार होते आबा. वर्षभरात आबा निवृत्त होणार होते, म्हणजे त्यांच्या हातचा हा शेवटचा मार्च.

दीपकची बायको मला एकदा भेटायला आली. म्हणाली, "ताई, आबांना सांगा ना, एवढं वर्ष चांगलं लिहा." मी आबांना सांगितलं. आबा म्हणाले, "खोटं लिहिणार नाही. पण खरं करता आलं तर बघतो."

खरं करण्याची आबांची तऱ्हा निराळीच. त्यांनी ठरवलं, पोराचा आवाज मोकळा करायचा. म्हणून रोज सकाळी आबा पांझरेच्या देवपूरकडच्या काठावर उभे राहणार आणि दीपक पलीकडच्या. मध्ये नदी. दीपकने तिकडून कवायतीचे हुकूम द्यायचे आणि आबांनी ते पाळायचे. "मी तुझा शिपाई," आबा म्हणाले. "हुकूम येईल तेवढंच करणार. थम म्हणशील तेव्हाच थांबणार."

पहिले काही दिवस नुसता तमाशा झाला. सावधान ऐकू येत नाही म्हणून आबा विश्राममध्येच उभे, आणि काठावर कपडे धुणाऱ्या बायका पलीकडून दीपकला सांगताहेत, "अरे, ओरड ना, म्हातारा उन्हात उभाय!" हळूहळू आवाज वाढला. आबा दाहिने मुड करायला लागले, बाएं मुड करायला लागले. बघायला गर्दी जमू लागली. तुकडीतली पोरं फिरायला जातो म्हणून तिकडेच वळायची आणि लांब पुलावरून बघायची.

मग तो सोमवार आला. आबांना भाजी घेऊन घरी जायचं होतं, म्हणून हातात पिशवी, पिशवीतून मेथी बाहेर डोकावतेय. दीपकने हुकूम दिला, "तेज चल!" आबा निघाले. ते सरळ नदीच्या दिशेने तोंड करून उभे होते, याचा कोणी विचार केला नव्हता. काठ संपला, आबा चालताहेत. बूट पाण्यात गेले, आबा चालताहेत. हात खांद्यापर्यंत, मान ताठ, मेथीसकट. पाणी गुडघ्याला लागलं तेव्हा तिथे म्हशी धुणाऱ्या माणसाने त्यांना दंडाला धरून थांबवलं. आबा त्याच्यावरच खेकसले, "हुकूम ना भो! हुकूम नही मोडानं!"

हे सगळं महाजनने मला इतक्या वेळा करून दाखवलं की मी तिथे हजर असल्यासारखं मला ते आठवतं. तुकडी आठवडाभर हसत होती. दीपकला पोरं म्हणायची, काय राव, आवाज वाहून गेला ना पाण्यात! आबाही हसत म्हणाले, "थम म्हणाला असता तर थांबलो असतो. पोराचा घसा ऐनवेळी बसतो." दीपक खाली बघून आपलं काम करत राहिला. सगळे धरूनच चालले की पुढाकाराच्या रकान्यात काय येणार ते ठरलं. मलाही तसंच वाटलं, आणि वाईट वाटलं.

मार्चमध्ये त्याची पाळी आली. मी खिडकी मुद्दाम सताड उघडली. बराकीच्या खिडक्यांतही डोकी दिसत होती.

आबा रकाने वाचत गेले. शिस्त उत्तम. शारीरिक क्षमता उत्तम. सचोटी, तिथे तर आबांनी नुसती मान डोलावली. मग पुढाकार. तिथे ते थांबले.

"बेटा," ते म्हणाले, "मी खूप प्रयत्न केला. पण तू बोलत नाहीस. इथे मी काय लिहू?"

आबांनी चहा मागवला. पहिला चहा आला तसं बराकीतून कोणीतरी चुकचुकलं. आबांनी दुसरा मागवला. दीपकने दोन्ही चहा पिऊन संपवले. शेवटी आबांनी नेहमीसारखी खुर्ची पुढे ओढली. "आते मना शेरा सांग."

दीपक उठला. मला वाटलं, निघाला. पण तो आबांच्या खुर्चीला वळसा घालून त्यांच्या मागे जाऊन उभा राहिला, आणि साध्या, आपण रोज बोलतो त्या आवाजात म्हणाला, "आबा, तुम्हाला ऐकू येत नाही."

आबा समोर बघत होते. मागे काही झालं आहे याचा पत्ताच नाही. "कुठे गेला रे?" ते म्हणाले.

कान असून आम्ही सगळे बहिरे होतो. ते ओरडणं, 'माझ्याकडे बघून बोल' म्हणणं, कानामागचा हात, टीव्ही. सगळं आमच्या समोर होतं आणि आम्ही त्याला शिस्त म्हणत होतो.

दीपक परत समोर आला. त्याने तेच वाक्य आबांच्या तोंडाकडे बघून पुन्हा सांगितलं. मग म्हणाला, "नदीवर मी थम म्हटलं होतं आबा. तीनदा. पलीकडच्या बायकांनी ऐकलं, म्हशीवाल्याने ऐकलं. तुम्ही नाही ऐकलं. मला काही म्हणायचं नव्हतं, पण पुढच्या महिन्यात गोळीबाराचा सराव आहे. तुम्ही मैदानाचे प्रमुख. कोणी पुढे गेलं आणि मागून थांबा म्हणून ओरडलं, आणि तुम्हाला ऐकू नाही आलं तर?"

एवढं लांब बोलताना त्याला कोणी कधी ऐकलं नव्हतं. ज्याच्या हातात त्याची बढती होती त्यालाच तो हे सांगत होता. गोळीबाराचं मैदान म्हणजे आबांचा जीव की प्राण. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी तिथे बंदुकांच्या आवाजात काढली होती, कान तिथेच गेले असणार, आणि निवृत्तीआधीचा शेवटचा सराव आपल्या हुकमाने व्हावा एवढीच त्यांची हौस होती. नुकत्याच आलेल्या नव्या साहेबांच्या कानावर ही गोष्ट गेली असती तर ती हौसही राहून गेली असती. म्हणून आबांनी बहिरेपण झाकून ठेवलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मला त्यांची अशी माया आली की उठून जावं आणि खिडकी लावावी असं वाटलं. पण मी उठले नाही.

आबा बराच वेळ मिशीवरून हात फिरवत राहिले. मग त्यांनी कॅन्टीनकडे तोंड करून हाक मारली.

"चहा आण रे! दोन!"

पोऱ्याने विचारलं, कोणाला?

"दोन्ही माले," आबा म्हणाले.

मग बराकीतून कोणीतरी फिस्सकन हसलं, दीपकही हसला, आणि सगळ्यात मोठ्याने आबा हसले. दोन्ही चहा त्यांनी फुर्र फुर्र करत संपवले आणि रकाना भरला. भरताना सवयीने मोठ्याने वाचत होते, त्यामुळे मला पाठ आहे. 'पुढाकार घेतो. वरिष्ठाची चूक वरिष्ठाच्या तोंडावर सांगतो, आणि ती सांगताना स्वतःच्या नफ्यातोट्याचा विचार करत नाही. आवाज स्पष्ट आहे.'

मग टोपी घातली आणि सरळ साहेबांच्या खोलीत गेले. गोळीबाराचं प्रमुखपद दुसऱ्या कोणाला द्या आणि रांगेवर हुकूम द्यायला तायडेला ठेवा, असं त्यांनी स्वतःच सांगितलं. साहेब समजूतदार निघाले.

कानाचं यंत्र आल्यावर आबांचं दुसरं बालपण सुरू झालं. पहिल्या दिवशी ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, तुमचा पंखा असा रडतो?" मग बाहेर गेले, रिक्षांचा आवाज ऐकला आणि दचकून परत आले. "इतला गलका शे धुळामा?" घरी काकूंना पहिल्यांदा हळू बोलायची सोय झाली, पण काकू म्हणत, आता यांना मी काय पुटपुटते तेही कळतं, त्यापेक्षा आधीचं बरं होतं. निंबाखालची उरलेली चर्चा आबांनी हळू आवाजात उरकली. तो मार्च आमच्या तुकडीतला पहिला गोपनीय मार्च, आणि तितकाच कंटाळवाणा.

दीपकचं नाव यादीत आलं. पण मला आबा आठवतात ते त्या गोळीबाराच्या दिवसाचे. त्यानंतर ते निवृत्त झाले, मी जळगावला बदलून गेले आणि भेट फोनवरच राहिली.

मैदान डोंगराच्या पायथ्याशी. मी गुण नोंदवायला मांडवात बसले होते. आबांना बोलावलं नव्हतं, तरी ते आले होते. घरून इस्त्रीची वर्दी घालून, माझ्या शेजारच्या खुर्चीत. पाटी, लाल झेंडा, वाळूच्या गोण्यांमागे आडवी झालेली पोरं, सगळं त्यांनी नजरेने तपासलं. बंदुकांच्या धडाक्यात यंत्र त्रास देतं म्हणून ते त्यांनी काढून खिशात ठेवलं होतं. म्हणजे आता त्यांना काहीच ऐकू येणार नव्हतं. सवयीने मात्र दोन्ही हात मांडीवर घट्ट होते, जणू हुकूम आपल्यालाच द्यायचे आहेत.

गोळीबार सुरू झाला. मध्येच पलीकडच्या शेतातून एक बकरी मैदानात शिरली आणि तिच्या मागे तिला धरायला एक बाई धावत आली. कोणाच्या लक्षात यायच्या आत रांगेच्या टोकाला उभा असलेला दीपक ओरडला. तो आवाज कुठून आला कोण जाणे. बाजार समितीतल्या त्याच्या वडिलांनी ऐकला असता तर मान खाली घातली असती. एका दमात सगळ्या बंदुका थांबल्या, बोटं बाजूला झाली. बाईने बकरी काखोटीला मारली आणि पोरांना चार शब्द सुनावून निघून गेली.

मी आबांकडे वळले. मी हातानेच त्यांना विचारलं, ऐकलंत?

आबांचे डोळे भरले होते आणि मिशीखालून ते मोकळे हसत होते. मैदानाकडे बोट दाखवून, आपला आवाज केवढा होतोय याचं भान नसल्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं ते म्हणाले, "माले नही ऐकू उनं, ताई. पन बठ्ठासले ऐकू उनं, ते माले दिसनं."